नमुना एक्केचाळीस

पुनो वेळीपच्या कुळागरात उकिडवी बसून
मी पोफळीच्या बुंध्याशी चमचा खुपसते,
तेव्हा तो बांधावरून विचारतो,
"म्हज्या हड्ड्यांतलें तुका मातयेंत मेळटलें गो?"
बघू, म्हणते मी,
आणि पिशवीवर लिहिते: नेत्रावळी, पाटाजवळ, अकरा.

तीस वर्षांपूर्वीच्या टीबीनं
त्याच्या उजव्या फुफ्फुसात एक खोली रिकामी करून ठेवली होती.
भाडेकरू उशिरा आला.
एक्स-रेत सुपारीएवढा दिसतो,
पुनोनं कूस बदलली की तोही लवंडतो.

खरं तर ही बुरशी कुणाच्या वाटेला जात नाही.
तिचं काम पडलेल्याचं: झावळ्या, केळीचे गाभे,
फणसाची चारखंडं.
ती नसती तर नेत्रावळीत माणसं
गळ्याइतक्या पाचोळ्यातून चालली असती.
खताच्या ढिगात, जिथं हात घातला तर चटका बसतो,
तिथं ती वाढली, लेकुरवाळी झाली.
आपले सदतीस अंश म्हणजे तिला
दिवेलागणीची झुळूक.
तिला आपण हवे होतो असं नाही.
आपण फक्त उबदार निघालो,
आणि श्वास घेत होतो.

पठारावरच्या प्रयोगशाळेत
चाळीस पिशव्यांची चाळीस ताटं. सगळी धुरकट हिरवी.
यंत्र रात्रभर वाचत बसलं:
जवळजवळ तीन कोटी अक्षरं, चारच अक्षरांची बाराखडी,
ना काना ना मात्रा.
पुनोची जूनमधली थुंकी आणि पाटाजवळची अकरा
सख्ख्या बहिणी. दोघी औषधाला वाकणाऱ्या.
ऑगस्टमधली थुंकी परकी.
तिच्या एका जनुकाच्या उंबऱ्यावर
चौतीस अक्षरं म्हणून झाल्यावर पुन्हा म्हटलेली,
पौषात मांडावर
धालोच्या एका रांगेनं म्हटलेलं
समोरच्या रांगेनं उचलावं तशी.
एवढ्यानं गोळी निकामी.

गोळीच्या नावाशेवटी झोल.
शेतावर फवारायच्या बाटलीच्या नावाशेवटीही झोल.
आडनाव एक, गोत एक.
आणि मी, सांगायला लाज वाटते,
पुनो दिवाळीआधी पुन्हा वॉर्डात गेला तेव्हा
त्याच्याकडून किल्ली मागून घेतली
आणि त्याच्या घरात बाटली शोधली.
फळीवर चुना. मोरचूद. बायकोचा फोटो.
एक डबा उघडला, त्यात आमसुलं.

किल्ली परत द्यायला इस्पितळात गेले
तर भेटीची वेळ संपलेली.
व्हरांड्यात, वॉर्ड तीनच्या खिडकीखाली, कुंड्या.
सिस्टर एर्मेलिंदानं गेल्या नाताळात आणलेल्या,
नर्सरीच्या टेम्पोतून, खतासकट.
"पेशंटाक कितें तरी पाचवें दिसूं दी," ती म्हणाली.
पाचवें म्हणजे हिरवं.
चमचा पर्समध्ये होताच.

एक्केचाळीस.
चौतीस, आणि पुन्हा चौतीस.
ऑगस्टच्या थुंकीहून फार तर पाच-सात अक्षरं वेगळी,
तेवढं तर एका घरातही असतं.

अहवाल सोमवारी जाणार.
रविवारी रात्री मी आणि राखणदार शाणू,
आधी पाणी घातलं, धूळ उडू नये म्हणून,
मग ओल्या चादरी गुंडाळून
एकेक कुंडी मागच्या कुंपणापलीकडे नेली.
शाणू विचारत होता, झाडांना झालंय काय?
झाडांना काही झालेलं नव्हतं.
शेवटची कुंडी श्वास रोखून उचलली.
अर्ध्या वाटेत सोडावाच लागला.

सकाळी पुनो खाटेवर उठून बसलेला,
नाकातली नळी एका हातानं सांभाळत,
तोंड खिडकीकडे.
मी किल्ली उशाशी ठेवली.
त्यानं ती पाहिलीही नाही.
"फुलां खंय गेलीं गो?"